उद्यमबाग: करंट जात नाही, नुसता डोळा मारतो आणि मशीन बंद! स्टॅबिलायझर घेऊनही तेच

उद्यमबागचा_टर्नर | १९ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बेळगावात थर्ड गेटच्या पलीकडं, उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), एक व्हीएमसी (तसंच मिलिंगचं मशीन), एक २० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग मशीनिंग करून द्यायचं, एवढाच धंदा.

मिरग निघाल्यापासून डोक्याला ताप झालाय. करंट जात नाही. ट्यूबलाईट एकदा मिचकते, पंखा फिरतच असतो, समोरच्या टपरीवरचा रेडिओ पण चालू असतो. माझ्या मशीन मात्र बंद! कटमध्ये असताना थांबलं की इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेला, जॉब गेला, आणि परत होम घेऊन ऑफसेट तपासून सुरू करायला वीस-पंचवीस मिनिटं. कधी दिवसातून चारदा, कधी आठवडाभर काहीच नाही.

लाईनमनला बोलावलं. त्यानं मीटर लावून दाखवला, ४०५ व्होल्ट, "सार, व्होल्टेज सरी अदे", म्हणजे बरोबर आहे. त्याचंही खोटं नव्हतं. मग एका दुकानदारानं सर्वो स्टॅबिलायझर गळ्यात घातला. पैसे गेले, फरक शून्य. आता तोच माणूस म्हणतोय अख्ख्या शॉपला ऑनलाईन यूपीएस लावा. त्याचं कोटेशन बघून बायकोला सांगायची हिंमत झालेली नाही.

कुणाला असा अनुभव आहे का?

टिळकवाडी_एक्सप्रेस | १९ जून, रात्री १०:०५

अर्थिंग बघा. ९० टक्के प्रॉब्लेम अर्थिंगचे असतात.

उद्यमबागचा_टर्नर | १९ जून, रात्री १०:१२

मशीन बसवतानाच नवीन दोन पिट केले आहेत. मे महिन्यात मोजून घेतलं, व्यवस्थित आहे.

टिळकवाडी_एक्सप्रेस | १९ जून, रात्री १०:१४

मग न्यूट्रल लूज असणार.

रिले_टेस्टिंगवाले_आजोबा | २० जून, सकाळी ६:३०

न्यूट्रल लूज असता तर त्या टपरीवाल्याचा रेडिओ एव्हाना जळाला असता. जरा दमानं घेऊ.

मी आयुष्यभर सबस्टेशनातले रिले तपासत फिरलो, आता घरी बसून नातवाला गणित शिकवतो. टर्नरसाहेब, तुमच्या वर्णनातच निदान आहे. याला व्होल्टेज सॅग म्हणतात, काही पुस्तकांत डिप. व्होल्टेज नेहमीच्या ९० टक्क्यांच्या खाली जातं, पण १० टक्क्यांच्या वर राहतं, आणि अर्ध्या सायकलपासून एक मिनिटाच्या आत परत येतं. आपल्याकडं ५० हर्ट्झ, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदांची. तुमचे बहुतेक सॅग ५ ते ५० सायकलींचे असावेत. एवढ्या वेळात लाईनमनच्या मीटरचा आकडा हलायच्या आत सगळं संपलेलं असतं.

कमी व्होल्टेज हा वेगळा आजार. तो तासन्‌तास टिकतो. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यात सहा टक्के खालीवर चालतं, म्हणजे साधारण ३९० ते ४४०. त्याच्या खाली रोज संध्याकाळी जात असेल तर स्टॅबिलायझर कामाचा. पण सर्वो स्टॅबिलायझर करतो काय? आत एक छोटी मोटार कार्बन ब्रश सरकवते. सेकंदाला वीस-तीस व्होल्ट एवढाच तिचा वेग. सॅग ०.२ सेकंदांत आला आणि गेला, तोवर ब्रश जागचा हललेला सुद्धा नसतो. दुकानदारानं तुम्हाला तापाचं औषध खोकल्यावर दिलं, एवढंच.

आता सॅग येतो कुठून. उद्यमबागेत बसून तुम्हाला वाटतं बिघाड आपल्या लाईनवर आहे. बहुतेक वेळा तो शेजारच्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनातून निघणाऱ्या दुसऱ्या ११ केव्ही लाईनवर असतो. एकाच ३३/११ केव्ही सबस्टेशनच्या एकाच बसबारवरून (वीज वाटणाऱ्या जाड पट्टीवरून) चार-पाच फीडर निघतात. त्यातल्या एकावर फांदी पडली की शॉर्टचा करंट सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरमधून ओढला जातो आणि बसबारचं व्होल्टेज खाली बसतं. ब्रेकर पडेपर्यंत त्या बसवरचे सगळेच फीडर भोगतात. फांदी पडलेल्या गावाचा करंट जातो, तुमचा नुसता मिचकतो.

हिशेब करून दाखवतो. ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) ७ टक्क्यांच्या आसपास धरला तर ११ केव्ही बाजूला तो सुमारे १.७ ओहम. लाईन रॅबिट नावाच्या तारेची, किलोमीटरला ढोबळ ०.६५ ओहम. सबस्टेशनपासून २ किलोमीटरवर तिन्ही फेज शॉर्ट झाले, तर बसवर उरतं जवळपास निम्मं व्होल्टेज. तोच शॉर्ट १० किलोमीटरवर झाला तर ८५ टक्के उरतं, आणि तुमच्या मशीनला कळतही नाही. म्हणून कधी दिवसातून चारदा, कधी आठवडाभर काहीच नाही. कुठं फांदी पडली त्यावर आहे.

एक विचारतो. मिचकताना शॉपमधले सगळे दिवे मिचकतात की काहीच?

उद्यमबागचा_टर्नर | २० जून, सकाळी ८:१५

आजोबा, हे कसं ओळखलंत? व्हीएमसीच्या बाजूचे मिचकतात, ऑफिसमधला कधीकधी अजिबात नाही. इलेक्ट्रिशियन म्हणाला वायरिंग जुनं झालंय, बदलूया.

रिले_टेस्टिंगवाले_आजोबा | २० जून, सकाळी ८:४०

वायरिंगला हात लावू नका. लाईनवर बहुतेक वेळा एकच फेज जमिनीला लागते. आपला टीसी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, वरच्या बाजूला डेल्टा, खालच्या बाजूला स्टार जोडणीचा असतो. ११ केव्हीवर एक फेज पूर्ण बसली की तुमच्याकडं दोन फेज ५८ टक्क्यांवर येतात आणि तिसरी जशीच्या तशी राहते. ऑफिसचा दिवा त्या दिवशी तिसऱ्या फेजवर होता. दुसऱ्या दिवशी दुसरी फेज लागेल आणि तो मिचकेल.

दुसरा प्रश्न, आणि हा महत्त्वाचा. मशीन थांबल्यावर स्क्रीनवर अलार्म कुठला येतो?

ताणाबाणा_वडगाव | २० जून, दुपारी १:२०

आजोबा, आमचं पण ऐका की. वडगावात माग आहेत, साडीचे. बारा मागांचं शेड. लाईटनं डोळा मारला की बारातले पाच-सहा बंद, बाकीचे चालू. हे काय गौडबंगाल? आणि प्लेन मागावर धोटा (आडवा धागा नेणारा) अर्ध्यात अडकला की ताण्याचे, म्हंजे उभे, शे-दोनशे धागे तुटतात. सांधत बसायचं दुपारपर्यंत. तेवढं करूनही कापडावर जागा दिसतेच, व्यापारी बोट ठेवून दाखवतो आणि पैसे कापतो. आमच्याकडं तर अलार्म बिलार्म काय नाही.

रिले_टेस्टिंगवाले_आजोबा | २० जून, दुपारी ४:००

तुमच्या मागांना वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या कंपनीचे स्टार्टर आहेत, बरोबर? स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर म्हणजे एक लोहचुंबक. व्होल्टेज ५०-७० टक्क्यांच्या मध्ये कुठंतरी आलं की तो पकड सोडतो, आणि त्याला एक-दोन सायकली पुरतात. कुणी ५० ला सोडतो, कुणी ७० ला. मोटारला खरं तर काही झालेलं नसतं. पाव सेकंदाचा सॅग मोटार स्वतःच्या फिरण्याच्या जोरावर सहज काढते. पण कॉन्टॅक्टरनं एकदा हात सोडला की पुश बटण दाबेपर्यंत संपलं. हत्ती उभाच असतो, माहूत तेवढा खाली पडतो.

उद्यमबागचा_टर्नर | २० जून, संध्याकाळी ७:३५

ऑपरेटरला विचारलं. दोन्ही टर्निंगवर दर वेळी "चक प्रेशर लो". व्हीएमसीवर कधी एअर प्रेशर, कधी सर्वोचा काहीतरी.

रिले_टेस्टिंगवाले_आजोबा | २० जून, रात्री ८:१०

मग निम्मे पैसे वाचले. चक म्हणजे जॉब धरणारी पकड. चक प्रेशर लो म्हणजे हायड्रॉलिक पंपाचा कॉन्टॅक्टर पडला, दाब गेला, आणि मशीननं शहाणपणा करून स्वतःला थांबवलं. स्पिंडल ड्राइव्ह, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या मोटारचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल, अजून जिवंत होता. ड्राइव्ह पडला असता तर डीसी लिंक अंडरव्होल्टेज (ड्राइव्हच्या आतलं डीसी व्होल्टेज कमी) असं काहीतरी आलं असतं. म्हणजे ३०-४० केव्हीए सांभाळायची गरज नाही. सांभाळायचंय ते ११० व्होल्टचं कंट्रोल सर्किट, आणि ते काही शे व्हीएचं.

त्याला सीव्हीटी लावा. कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर, फेरोरेझोनंट जातीचा. आत हलणारा भाग एकही नाही. क्षमतेच्या निम्म्यापेक्षा कमी लोडवर ठेवला तर येणारं व्होल्टेज निम्म्यावर गेलं तरी बाहेर जवळपास पूर्ण देतो. पण घेताना लोडच्या दोन-अडीच पट घ्या. कॉन्टॅक्टर ओढताना एकदम जास्त करंट मागतो, लहान सीव्हीटी तिथं कोसळतो आणि कॉन्टॅक्टर नुसता खडखडतो. गुणगुणतो, गरम होतो, त्याची सवय करून घ्या.

आणि कंट्रोलरचा २४ व्होल्टचा एसएमपीएस (एसीचं डीसी करणारा पॉवर सप्लाय) तपासा. वर ८५-२६४ लिहिलेला असेल तर तो २३० च्या लाईनवर खोल सॅग सुद्धा पचवतो. जुना, ठरावीक २३० चा असेल तर बदला. ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती, आणि ती कुणीच सुचवत नाही, कारण त्यात विकणाऱ्याला काही सुटत नाही.

शिनोळी_बॉर्डर | २१ जून, सकाळी १०:२५

मी शिनोळीत, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत. बेळगावातले पाहुणे म्हणतात तुमच्याकडं वीज चांगली, आमच्याकडचे म्हणतात बेळगावात चांगली. मिचकतंय दोन्हीकडं.

व्हीएफडीचं (मोटारचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हचं) थोडं सांगतो, ब्लोअरवर आमच्याकडं सहा आहेत. प्रत्येक ड्राइव्हमध्ये फॉल्ट हिस्टरी असते: तारीख, वेळ, त्या क्षणाचं डीसी बस, म्हणजे आजोबांनी सांगितलेल्या डीसी लिंकचं व्होल्टेज. हा फुकटचा सॅग रेकॉर्डर आहे, वापरा. दुसरं, पॅरामीटरमध्ये कायनेटिक बफरिंग किंवा तशा नावाचं काहीतरी सापडेल. चालू केलं की सॅगच्या वेळी ड्राइव्ह मोटारचा वेग किंचित उतरवून तिच्या फिरण्यातली ऊर्जा परत घेतो आणि डीसी बस टिकवतो. त्याच्या जोडीला फ्लाइंग स्टार्ट, म्हणजे फिरत्या मोटारला तिच्या वेगावरच पकडून परत चालू करणं. ब्लोअरला हे लागू पडतं कारण पातं जड आहे. स्पिंडलवर कटिंग चालू असताना कुणी असलं करू नये.

मळेवाला_रायबाग | २१ जून, रात्री ९:३०

समदं वाचलं. फांद्या, सबस्टेशन, ठीक हाय. पण आमच्याकडं ह्यो खेळ पावसाळ्यात न्हाई, उन्हाळ्यात असतोय. कृष्णेच्या काठाला ऊस हाय आमचा. थ्री फेज सात तास. ज्या घडीला थ्री फेज येतंय, त्याच घडीला समद्या मोटारी एकदम! परतेकाला ऑटो स्टार्टर. मालक घरात झोपल्याला, मोटार मळ्यात आपसूक चालू. लाईट अशी मान टाकती की घरातला बल्ब काजव्यागत दिसतोय. निम्म्या मोटारी नुसत्या घूं करत ऱ्हातात, फिरत न्हाईत. मग कुणाचं वायंडिंग जळतंय, न्हाईतर टीसीचा डीओ फ्यूज उडतोय. मागल्या साली आमचं दोनदा वायंडिंग भरलं.

टिळकवाडी_एक्सप्रेस | २१ जून, रात्री ९:४४

१० एचपीपर्यंत २००८ पासून वीज फुकट आहे तुम्हाला. फुकट असल्यावर सगळे ऑटो लावणारच.

मळेवाला_रायबाग | २१ जून, रात्री ९:५२

साहेब, रात्री दीडला थ्री फेज आली तर तुमी येणार काय मोटार चालू करायला, चिखलातनं, सापाकिरड्यातनं? ऑटो हौसेनं लावत न्हाई कोण.

रिले_टेस्टिंगवाले_आजोबा | २२ जून, सकाळी ६:४०

मळेवाल्यांचं बरोबर आहे, आणि त्यांनी जे सांगितलं ते माझ्या फांद्यांपेक्षा महत्त्वाचं आहे. टीसी किती केव्हीएचा? मोटारी किती?

मळेवाला_रायबाग | २२ जून, दुपारी १२:१०

६३ चा. नऊ मोटारी, समद्या साडेसातच्या.

रिले_टेस्टिंगवाले_आजोबा | २२ जून, दुपारी २:३०

बघा आता. साडेसात एचपीची मोटार चालू असताना ११ अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना डायरेक्ट ऑन लाईन (थेट पूर्ण व्होल्टेजवर) असेल तर सहापट, म्हणजे ६६. नऊ मोटारी एकदम, ५९४ अँपिअर. ६३ केव्हीएचा टीसी साडेचार टक्के इम्पिडन्सचा धरला तर पूर्ण शॉर्टमध्ये देईल सुमारे १९५०. म्हणजे टीसीच्या पायथ्याशीच व्होल्टेज ७७ टक्क्यांवर आलं. पुढं मळ्यापर्यंतची तार आणखी खाणार, शेवटच्या मोटारीला ७० मिळालं तरी नशीब. मोटारची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते. ७० टक्के व्होल्टेजला ताकद निम्मीच. निम्म्या ताकदीत पाण्याचा भार उचलत नाही, म्हणून ती घूं करते. घूं करते तोवर सहापट करंट ओढतच राहते, म्हणून व्होल्टेज वर येत नाही. सगळे एकाच दारातून एकदम बाहेर पडायला बघतात, दारच अडतं. आणि हे त्या फीडरवरच्या प्रत्येक टीसीवर त्याच मिनिटाला चालू असतं.

यात कंपनीनं करायचं काहीच नाही असं मी म्हणत नाही. पण ऑटो स्टार्टरच्या आत ऑन डिले टायमर असतो, किंवा थोडक्यात बसवता येतो. एकाचा १५ सेकंद, दुसऱ्याचा ३०, तिसऱ्याचा ४५. नऊ मोटारी सव्वादोन मिनिटांत लागतील, आणि एका वेळी ६६ अँपिअरचाच धक्का. तो तीन-साडेतीन टक्क्यांचा. बल्बला कळणार सुद्धा नाही.

मळेवाला_रायबाग | २२ जून, रात्री ८:४५

पयला नंबर कुणाचा, ह्याच्यावरनंच भांडाण लागंल आजोबा.

कणकुंबीचा_पाऊस | २३ जून, सकाळी ७:५०

आमच्या जांबोटी-कणकुंबी भागातून बघा. इथं लाईन जंगलातून येते. वेळू तारेवर वाकतो, वारा आला की लागतो, वारा थांबला की सुटतो. लाईनमन येतो तेव्हा तार मोकळी! त्याला काही सापडतच नाही. वेली खांबावरून चढून इन्सुलेटरला मिठी मारतात. वानरं, साप, धनेश सुद्धा. वळिवाच्या विजा वेगळ्याच. आमच्या गावात पोरांनी मे महिन्यात लाईनमनबरोबर फिरून वेळूची बेटं दाखवून दिली, परवानगीचा अर्ज कन्नडमधून पंचायतीच्या कारकुनानं लिहून दिला. त्या साली करंट कमी वेळा गेला. वेळू मात्र पुढच्या वर्षी परत तितकाच वाढतो, हे काम दर सालचं आहे.

आजोबा, एक विचारायचं होतं. लाईन पडली की लाईनमन सबस्टेशनला फोन करून "ट्राय घ्या", म्हणजे लाईन परत चालू करून बघा, म्हणतो. तीन-चारदा ट्राय घेतात. त्यानं काही बिघडतं का?

रिले_टेस्टिंगवाले_आजोबा | २३ जून, सकाळी ९:१५

हा प्रश्न नोकरीत असताना मला कुणी विचारला असता तर चहा पाजला असता. फांदी तारेवर तशीच असताना ट्राय घेतला की तो परत शॉर्ट, आणि शेजारच्या फीडरला परत सॅग. तुमच्या जंगलात चार ट्राय झाले की त्या बसवरच्या कुठल्यातरी टर्नरचे चार जॉब जातात. ऑटो रिक्लोझर तेच काम यंत्रानं करतो. तुमच्या गावाला तो वरदान, कारण वाऱ्यानं लागून सुटलेला वेळू असेल तर काही सेकंदांत करंट परत. शेजाऱ्याला तोच शाप. म्हणून ट्राय एक, फार तर दोन, आणि नंतर जीओ स्विच (खांबावरचा हातानं उघडायचा स्विच) उघडून लाईनचे तुकडे करून शोधायचं.

कंपनीच्या हातातलं दुसरं म्हणजे वेळ. सॅग किती खोल हे फांदी कुठं पडली त्यावर, पण किती लांब हे रिलेवर. जुन्या पद्धतीनं लावलेला ओव्हरकरंट रिले शॉर्ट तोडायला अर्धा-एक सेकंद घेऊ शकतो. जवळच्या मोठ्या शॉर्टसाठी इन्स्टंटेनिअस (न थांबता लगेच तोडणारा) नीट लावलेला असेल तर रिले आणि व्हॅक्यूम ब्रेकर मिळून १०० मिलिसेकंदांच्या आसपास काम उरकतं. खर्च काही नाही, टेस्टिंगवाल्याला एक दिवस द्यावा लागतो. पण फार घाई केली तर लांबचा डीओ फ्यूज उडायच्या आत अख्खा फीडर पडतो आणि वीस गावं अंधारात. दोन्हीकडून शिव्या टेस्टिंगवाल्यालाच. खाल्ल्या आहेत.

बाकी कव्हर्ड कंडक्टर, पॉलिमर इन्सुलेटर, टीसीच्या बुशिंगवर टोप्या, चांगले लाइटनिंग अरेस्टर आणि त्यांचं खरंखुरं अर्थिंग. साखर कारखान्यांच्या भोवती भुशाची राख इन्सुलेटरवर बसते, दव पडलं की पहाटे चर्र होतं, ते गाळपाआधी धुवायला हवं. नवीन काही नाही यात.

ताणाबाणा_वडगाव | २४ जून, दुपारी १२:३०

आमच्या इलेक्ट्रिशियननं उपाय काढलाय. पुश बटण काढून साधा स्विच लावतो म्हणतोय, म्हंजे कॉन्टॅक्टर पडला तरी लगेच आपोआप परत लागेल. करावं काय?

शिनोळी_बॉर्डर | २४ जून, दुपारी १२:४१

करू नका!!

रिले_टेस्टिंगवाले_आजोबा | २४ जून, दुपारी १:०५

शिनोळीवाल्यांना दुजोरा. माग थांबला की माणूस काय करतो? वाकून तुटलेले धागे सांधतो, बोटं फणीजवळ. त्याच वेळी करंट आला आणि माग आपोआप सुटला, तर? मी असा एक हात पाहिला आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

सॅग पचवणं वेगळं आणि करंट गेल्यावर आपोआप सुरू होणं वेगळं. कॉन्टॅक्टरच्या कॉइलला लावायची होल्ड-इन उपकरणं मिळतात, ती सॅगमध्ये काही क्षण पकड धरून ठेवतात, करंट खरंच गेला तर सोडतात, आणि मग बटण दाबल्याशिवाय काही लागत नाही. स्टॉप बटण दाबलं की लगेच सोडतात. तसंच घ्या. टर्नरसाहेब, तुम्हालाही हेच. सीव्हीटी कंट्रोलच्या पुरवठ्याला लावायचा. इमर्जन्सी स्टॉपची साखळी जशी आहे तशीच राहिली पाहिजे.

फौंड्री_मचे | २४ जून, रात्री १०:२०

मोठ्या लोडवाल्यांसाठी दोन शब्द. डीव्हीआर म्हणजे डायनॅमिक व्होल्टेज रिस्टोरर लाईनच्या मालिकेत बसून जेवढं व्होल्टेज कमी पडतं तेवढंच घालतो. दोन वेगळ्या सबस्टेशनमधून सोर्स असतील तर स्टॅटिक ट्रान्सफर स्विच पाव सायकलीत इकडून तिकडं नेतो. पण दोन्ही सोर्स वर जाऊन एकाच लाईनला मिळत असतील तर दोन्ही एकदम बसतात, स्विचला जागाच नाही. आम्ही हे सगळं ऐकलं, आकडे पाहिले, आणि सँड प्लँटच्या पॅनलला होल्ड-इन लावून गप्प बसलो. भट्टीला मिचकण्याचं फारसं काही वाटत नाही. धातू इतक्यात थिजत नाही, परत चालू करता येते. मोल्डिंग लाईन थांबली की मात्र सगळं खोळंबतं.

नवीन मशीन घेणाऱ्यांनी विकणाऱ्याला एकच विचारा, सेमी एफ ४७ या सॅग सोसण्याच्या मानकात बसते का. म्हणजे ५० टक्के व्होल्टेज ०.२ सेकंद, ७० टक्के ०.५ सेकंद आणि ८० टक्के १ सेकंद सोसते का. प्रश्न ऐकून सेल्समन गप्प झाला की समजायचं.

उद्यमबागचा_टर्नर | ३० जुलै, रात्री ९:१०

महिनाभर गायब होतो, क्षमस्व. आजोबांच्या प्रश्नांवरून सुचलं, आधी नोंद ठेवली. भिंतीवर कॅलेंडर, प्रत्येक थांबण्याची वेळ, अलार्म, पाऊस होता का नव्हता. वर शिनोळीवाल्यांच्या सांगण्यावरून व्हीएमसीचा फॉल्ट लॉग.

दोन आठवड्यांनी कॅलेंडर घेऊन बसलो तर दोन ढीग सरळ वेगळे पडले. एक ढीग वारा-पावसाचा, वेळेला काही धरबंध नाही. दुसरा ढीग सकाळी साडेआठ आणि दुपारी दोन-सव्वादोनचा, पाऊस असो नसो. साडेआठला शॉप उघडतं. दोनला जेवण संपतं. दोन्ही वेळेला आमचा पोरगा कॉम्प्रेसर चालू करतो!

म्हणजे मी महिनाभर लाईनमनला नावं ठेवत होतो, आणि निम्मा चोर माझ्याच कोपऱ्यात बसला होता. स्टार-डेल्टा स्टार्टर मोटार आधी कमी व्होल्टेजवर (स्टार) सुरू करतो, वेग आला की पूर्ण व्होल्टेजवर (डेल्टा) नेतो; त्याचा टायमर कुणीतरी दोन सेकंदांवर आणून ठेवलेला. मोटार वेगात यायच्या आधीच डेल्टावर उडी, आणि धक्का डायरेक्ट ऑन लाईनसारखाच. आता आठ सेकंद केलाय. त्या ढिगातली एकही नोंद नंतर नाही. खर्च: एक स्क्रू-ड्रायव्हर, तोही घरचा.

पावसाच्या ढिगासाठी दोन्ही टर्निंगच्या कंट्रोलला सीव्हीटी बसवले, व्हीएमसीचा एसएमपीएस बदलला. बसवल्यावर नऊ वेळा दिवे मिचकले, त्यात मशीन थांबलं दोनदा. त्या दोन वेळी सर्वो ड्राइव्हच पडला, बहुधा सबस्टेशनजवळच काहीतरी झालं असणार. तेवढं सोसतो.

ताणाबाणा_वडगाव | ३० जुलै, रात्री ९:४०

चार मागांना होल्ड-इन लावून बघितलं. ते चार आता आजोबांसारखे, काही झालं तरी चालूच. बाकीच्या आठांना गणपतीनंतर.

मळेवाला_रायबाग | ३० जुलै, रात्री १०:०५

आमचं पण झालं. मारुतीच्या देवळात बसून चिठ्ठ्या टाकल्या. नऊ मोटारी, नऊ नंबर, पंधरा-पंधरा सेकंदानं. माझा आठवा आला. दर पाडव्याला चिठ्ठ्या परत टाकायच्या असं ठरलंय. एक गडी ऐकंना, त्येनं टायमर शून्यावर ठेवला. मग समद्यांनी मिळून त्येच्या पेटीचं कुलूप बदललं. खरा उन्हाळा अजून यायचाय, तवा कळंल.

उद्यमबागचा_टर्नर | ३० जुलै, रात्री १०:१५

भारी! आता एकच काम उरलंय. तो सर्वो स्टॅबिलायझर कोपऱ्यात पडून आहे, जवळपास कोरा. कुणाला हवा असेल तर सांगा, पडत्या भावात देतो.

रिले_टेस्टिंगवाले_आजोबा | ३१ जुलै, सकाळी ६:२०

विकू नका. मार्चमध्ये संध्याकाळचं व्होल्टेज दोन आठवडे लिहून काढा, ३९० च्या खाली बसायला लागलं तर तोच लागेल. तोवर वर फडकं टाकून ठेवा, कास्टिंगची धूळ ब्रशवर बसू देऊ नका.